आधीच भरलेली कार्डं

“उखाण्यात घे.”

बाबूसाहेब असं म्हणाले आणि ओट्यावरच्या बायका हसल्या.

दवाखान्याची खिडकी होती. आत टेबल, टेबलामागं बाबूसाहेब, म्हणजे दवाखान्याचे कारकून. बाहेर ओट्यावर वीस-पंचवीस बायका. कोणाच्या मांडीवर पोर, कोणाचं डोकं फडक्यानं बांधलेलं. मी खिडकीला धरून उभी. मी आजारी नव्हते. मी दवाखान्यात कामाला लागणार होते. झाडणं, पाणी भरणं, सुया उकळणं. कामावर घ्यायच्या आधी माझं कार्ड काढायचं होतं.

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. वय विचारलं. अंदाजानं सांगितलं. मग म्हणाले, “नवऱ्याचं नाव?”

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. कुठं नाव सांगायची वेळ आली तर सोबतची बाई तिच्या वतीनं सांगते. माझ्यासोबत कोणी नव्हतं. वहिनीला ये म्हटलं होतं, ती आली नाही. आणि माझ्या नवऱ्यानं तर तीन वर्षांपूर्वी दुसरी बाई आणून मला माहेराकडच्या, धाड गावच्या एसटीत बसवून दिलं होतं. तेव्हापासून मी भावाच्या घरी. गावात सगळ्यांना माहीत होतं. बाबूसाहेबांनाही.

मी गप्प राहिले. तेव्हा ते म्हणाले, उखाण्यात घे.

मागून एक बाई म्हणाली, “नाव काय घीन माय थे, तोंड पाहून तीन वर्स झाले.”

“लग्नात घेतलं होतं का नाही?” बाबूसाहेब म्हणाले. “घेतलं असन तर पाठ असनच. घे. आम्ही ऐकतो.”

मी मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं ओट्याची माती उकरत राहिले. शेवटी त्यांनी टाक उचलला आणि लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

“पतीचे नाव. टाकलेली.”

पुन्हा हसणं. मग शाईची गादी माझ्यापुढं सरकवली. मी अंगठा दिला.

मला सही करता येत होती. मी चौथी पास आहे. तरी अंगठा दिला.

का दिला, ते सांगते. माहेरी आल्यावर एकदा मी पुडीचा कागद वाचत बसले होते. वहिनीनं पाहिलं. म्हणाली, “वाचणाऱ्या बाईले कोण नांदवीन? तरीच त्यानं टाकलं.” त्या दिवसापासून मी कोणासमोर काही वाचलं नाही. पाटीवरचं नाही, भिंतीवरचं नाही. अक्षरं दिसली की नजर बाजूला करायची. हळूहळू लोकही विसरले. मला वाचता येतं हे घराबाहेर एकट्या यमुनेला माहीत होतं.

यमुना आमच्या शेजारची. गावच्या मालकाच्या, म्हणजे मोठ्या जमीनदाराच्या, शेतात मजुरीला जायची. माझ्याशी कोणी फारसं बोलत नसे. टाकलेली बाई हळदीकुंकवाला बोलावता येत नाही, ओटी भरायला पुढं करता येत नाही. विहिरीवर मी गेले की बायका आपसांत बोलत राहायच्या, माझी घागर भरेपर्यंत. यमुना मात्र माझ्यासाठी थांबायची. एवढंच. पण तेवढं कोणीच करत नव्हतं.

दवाखान्यात मी पहाटे जायची. झाडून, पाणी भरून, स्टोवर सुयांचं भांडं ठेवायची. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस बुलढाण्याहून यायचे. तरुण होते, पुण्याकडचे. मला ‘बाई’ म्हणायचे, ‘अहो’ म्हणायचे. त्यांना आमची भाषा पुरती कळत नसे, म्हणून ते कार्ड वाचायचे. रोग्याकडं कमी पाहायचे, कार्डाकडं जास्त.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्याआधी दवाखान्यात एक जाडं रजिस्टर होतं म्हणे. आता ही नवी छापील कार्डं आली होती. एका माणसाचं एक कार्ड. त्यावर रकाने आखलेले. नाव. वय. पतीचे नाव. धंदा. बाळंतपणे. मागील आजार. कोणत्या औषधाचा त्रास. आजची तक्रार. कोणी नसलं की मी झाडताना वाकून वाचायची. मला ती कार्डं फार चांगली वाटली होती. वाटलं, ज्यानं ही आखली त्यानं विचार केला असेल. बाईला आधी काय काय झालं हे कोणाला तरी माहीत असावं, असं त्या माणसाला वाटलं असेल.

मग मला बाबूसाहेबांची रीत दिसली.

ते लवकर यायचे. खिडकी उघडायच्या आधी कार्डांचा गठ्ठा समोर घ्यायचे आणि भरत सुटायचे. एकही बाई आलेली नसायची. धंदा: मजुरी. बाळंतपणे: चार. मागील आजार: नाही. कोणत्या औषधाचा त्रास: नाही. पहिल्या कार्डावर जे, तेच दुसऱ्यावर, तेच तिसऱ्यावर. तीस कार्डं, चाळीस कार्डं. फक्त नाव, वय, पतीचे नाव आणि आजची तक्रार कोरी ठेवायची. बाई खिडकीशी आली की तेवढं विचारायचं. बाकी ती बाई कोण, हे आधीच ठरलेलं.

एकदा डॉक्टरांच्या हातात असं कार्ड होतं. ते समोरच्या पोरीला म्हणाले, “चार मुलं का?” ती पोर सोळा वर्षांची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती लाजून पदरात हसली. डॉक्टरांना वाटलं, हो म्हणते आहे.

मालकाच्या घरची बाई आली की वेगळं. तिला खुर्ची. तिच्यासाठी कोरं कार्ड खालून काढायचं. बाबूसाहेब स्वतः उठून विचारायचे. “वहिनीसाहेब, आधी कधी कावीळ झाली होती का? कुठलं औषध सोसत नाही असं काही?” ती आठवून आठवून सांगायची. ते सगळं सगळं लिहायचे. बारीक अक्षरात, रकान्याबाहेर जाईपर्यंत. म्हणजे विचारायचं कसं, हे त्यांना येत होतं.

एकदा मी धीर केला. पाणी ठेवताना म्हणाले, “बाबूसाहेब, आधीच भरून ठेवता?”

त्यांनी वर पाहिलंही नाही. “सगळ्या सारख्याच असतात वं. तुले काय कळते त्यातलं? फडकं मार.”

मी फडकं मारलं.

त्या वर्षी ज्वारी निघाल्यावर यमुनेच्या पायात धसकट गेलं. कापलेल्या ज्वारीचा बुडखा, सुरीसारखा असतो. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला गेली. आठ दिवसांनी पाय सुजला, काळानिळा झाला. अंगात ताप. दवाखान्याला मात्र भीत होती. मला म्हणाली, “मले ते सुई सोसत नाही, बाई. पेनिसिलीनची. मागं बुलढाण्यात देल्ली होती, तं सारं आंग सुजलं, जीव घाबरा झाला. तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, ही सुई पुन्हा घेऊ नको, कुठंबी गेली तं आधी सांग.”

मी म्हणाले, “मग सांग ना. कार्डावर त्याचा रकानाच आहे. तेच विचारतात.”

“विचारतात?”

“छापलं आहे तिथं. चल. मी आहे ना तिथं.”

मी आहे ना तिथं. हे माझेच शब्द आहेत. मी ते इथं लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत आली. खिडकीशी उभी राहिली. मी आत स्टोपाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“नाव?”

तिनं सांगितलं.

“वय? नवऱ्याचं नाव? काय होते?”

वय तिनं सांगितलं, नवऱ्याचं नाव शेजारच्या म्हातारीनं. मग ती म्हणाली, “पायात धसकट गेलं, साहेब. अन् मले ते सुई...”

“विचारलं तेवढंच बोल. मागं रांग आहे.”

कार्ड तिच्या हातात पडलं. ती आत आली, बाकावर बसली. मी उकळलेल्या सुयांचा ट्रे घेऊन डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले, तेव्हा तिचं कार्ड तिथं उघडं होतं. मी वाचलं.

कोणत्या औषधाचा त्रास: नाही.

मी तिच्याजवळ सरकले. हळूच विचारलं, “सांगितलं का वं, सुईचं?”

ती मला धीर देत होती, मला. म्हणाली, “लिहिलं हाय ना तिथं. बाबूनं समदं लिहून देल्लं. मी पाह्यलं, कागद भरलेला हाय.”

तिला अक्षर येत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की शिकलेला माणूस लिहितो तेव्हा काहीतरी जाणूनच लिहितो. रकाना कोरा असता तर तिनं डॉक्टरांना सांगितलं असतं. ती भित्री नव्हती. रकाना भरलेला होता म्हणून ती गप्प बसली.

आणि मी? मला अक्षर येत होतं. ट्रे माझ्या हातात होता. डॉक्टर हाताच्या अंतरावर होते. त्यांनी कार्ड पाहिलं, पाय पाहिला, पेनिसिलीनच्या बाटलीच्या रबरात सुई खुपसली. मला बोलायचं होतं. दोन शब्द. पण मी ट्रे दोन्ही हातांनी धरून राहिले. वाटलं, मला वाचता येतं हे कळेल. बाबूसाहेब बाहेरून ऐकतील. सगळ्यांपुढं पुन्हा काहीतरी म्हणतील, पुन्हा बायका हसतील. वाटलं, अंगावर गांधी उठतील, सूज येईल, उतरेल. मागं उतरली होतीच.

“बाई, जरा पाणी आणा,” डॉक्टर म्हणाले.

मी पाणी आणायला गेले.

परत आले तेव्हा यमुना बाकावरून खाली आली होती. ओठ निळे पडलेले. ती हवेसाठी हात हलवत होती. डॉक्टर ओरडत होते, कुठलं तरी औषध मागत होते, ते कपाटात नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कोड्यात पडल्यासारखं.

ती माझ्या मांडीवर गेली.

मी त्या वेळीही काही बोलले नाही. प्रेत घरी नेलं, नवरा आला, सासू आली, रडणं झालं. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. सासू मला म्हणाली, “तूच नेलं तिले.” ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी बाबूसाहेबांनी मला आत बोलावलं. खोलीत डॉक्टर होते. खुर्चीवर गावचे मालक बसले होते. बुलढाण्याहून मोठे डॉक्टर चौकशीला यायचे होते. टेबलावर एक कागद लिहून तयार. शाईची गादी उघडून ठेवलेली.

“अंगठा लाव,” बाबूसाहेब म्हणाले.

मी म्हणाले, “कशाचा कागद आहे?”

“कामाचा आहे. लाव अन् जाय, सुया उकळ.”

मालक समजावल्यासारखं म्हणाले, “काही नाही वं पोरी. झालं ते झालं. बाईनं सांगतलं नाही, त्याले कोण काय करीन? डॉक्टर परगावचा माणूस, पोटासाठी आला. त्याले काऊन अडचणीत आणता?”

कागद माझ्यासमोर होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माणसांसमोर कागदाकडं सरळ पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सदर बाईस कोणत्या औषधाचा त्रास आहे काय असे विचारले असता तिने नाही असे सांगितले. हे मी समक्ष ऐकले.’ खाली माझं नाव लिहून ठेवलं होतं. नावापुढं अंगठ्यासाठी जागा.

हेही आधीच भरलेलं.

यमुनेनं काय सांगितलं ते भरलेलं. मी काय ऐकलं ते भरलेलं. आता फक्त माझं बोट हवं होतं. तिच्याकडून त्यांनी फक्त नाव घेतलं होतं, तसं.

“हे मी ऐकलं नाही,” मी म्हणाले.

बाबूसाहेब म्हणाले, “काय ऐकलं नाही?”

“हे जे लिहिलं आहे ते. तिला विचारलंच नव्हतं. ती सांगत होती, तुम्ही बोलू दिलं नाही.”

“तुले कोणी वाचून दाखवलं हे?”

“मला वाचता येतं.”

ते हसले. मालकांकडं पाहून म्हणाले, “घ्या. हे वाचाले लागली.”

मी खाली पाहिलं नाही. डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ते मला म्हणाले, “बाई, तुम्हाला वाचता येत होतं? मग त्या दिवशी...”

“हो,” मी म्हणाले. “मी कार्ड वाचलं होतं. मला तिचा त्रास माहीत होता. मी बोलले नाही. तेही लिहा.”

कोणी लिहिलं नाही. मग मी टाक उचलला. किती वर्षांनी हातात टाक. शाईचा एक थेंब कागदावर सांडला. माझं अक्षर चौथीच्या पोराचं होतं, मोठं, वाकडं. त्यांच्या मजकुराखाली मी लिहिलं:

‘तिला विचारले नाही. कार्ड सकाळीच भरून ठेवले होते. मी वाचले होते व गप्प बसले.’

खाली सही केली. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव.

बाबूसाहेबांनी कागद ओढला आणि फाडला. चार तुकडे केले. म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.” मालक उठले, जाताना म्हणाले, “टाकलेल्या बाईले कामावर ठेवू नाही, मी सांगतलं होतं.” डॉक्टर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्याकडं पाहत थांबले. ते वळले नाहीत. ते वाईट नव्हते. पण ते वळले नाहीत.

नवा कागद झाला. त्यावर माझ्या जागी पाणी भरायला ठेवलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. यमुना गेली त्या दिवशी तो गावात नव्हताही. मोठे डॉक्टर आले, मालकाच्या घरी जेवले, गेले. मला कोणी बोलावलं नाही. मी दवाखान्याच्या वाटेवर उभी होते. त्यांची जीप समोरून गेली. मी हात वर केला. जीप थांबली नाही.

मी यमुनेच्या नवऱ्याकडं गेले. सगळं सांगितलं. तो मालकाच्याच शेतात सालदार. त्यानं विडी पेटवली. म्हणाला, “आता लिहून काय होते, बाई? कागदावर तं तिचीच चूक हाय.” मग म्हणाला, “तुमी इथं येत नका जाऊ. मालकाले कळन.”

भावानं मला घरातून काढलं नाही. पण बोलणं बंद केलं. वहिनी ताट सरकवते, शब्द नाही. विहिरीवर आता माझ्यासाठी थांबणारं कोणी नाही. दिवसाचे दिवस असे जातात की माझा आवाज मला ऐकू येत नाही. तेव्हा मी एकटीच मोठ्यानं वाचते. पुडीचा कागद, जुनं कॅलेंडर, काहीही. वहिनी ऐकते. ऐकू दे.

वर्ष होत आलं. कार्डं अजून तशीच भरली जातात. मला ठाऊक आहे, कारण मी बायकांना त्यांच्या हातातली कार्डं मागून पाहते. मागील आजार: नाही. कोणत्या औषधाचा त्रास: नाही. जिचं एक पोर पोटातच गेलं तिलाही बाळंतपणे चार. जिला रक्त पडतं तिलाही नाही.

म्हणून मी आता दुपारी खालच्या आळीत जाते. दाराशी बसते. विचारते. आधी काय झालं होतं? कोणत्या औषधानं त्रास झाला? किती पोरं, किती गेली? बायका पहिल्यांदा घाबरतात. काही हाकलून देतात. यमुनेला मीच मारलं असं म्हणणाऱ्याही आहेत, आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. काही सांगतात. सांगायला लागल्या की थांबत नाहीत. त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं. मी वहीच्या कागदावर लिहिते, त्यांना वाचून दाखवते, बरोबर आहे का विचारते. बाई हो म्हणेपर्यंत खोडत राहते. मग चिठ्ठी तिच्या हातात देते. डॉक्टरलाच द्यायची, बाबूला नाही, असं सांगते.

बाबूसाहेब खिडकीतच चिठ्ठ्या काढून घेतात. मागच्या बुधवारी त्यांनी अकरा चिठ्ठ्यांचा बोळा करून चुलीत घातला. डॉक्टर आता दुसरे आहेत. त्यांना काहीच माहीत नाही.

मी त्या अकराही चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या आहेत. प्रत्येकीच्या घरी जाऊन, पुन्हा विचारून. आठवणीतून एकही ओळ लिहिली नाही.

उद्या डॉक्टरांचा दिवस आहे. उद्या चिठ्ठ्या बायकांच्या हातात देणार नाही. मी स्वतः नेणार. खिडकीतून नाही, दारातून. एकेक बाई आत गेली की तिच्याबरोबर आत जाणार आणि डॉक्टरसमोर उभी राहून मोठ्यानं वाचणार. मला बाहेर काढतील. पहिल्या चिठ्ठीलाच काढतील बहुतेक. डॉक्टर पुढं ज्या दिवशी येतील त्या दिवशी पुन्हा जाईन. माझा आवाज कापतो, मला माहीत आहे. कापऱ्या आवाजात वाचीन.